टाइमटेबलात नसलेला मुक्काम

(गणेशोत्सवात सनदच्या हॉलमध्ये झालेल्या ‘सदस्यांचे अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि समोर घड्याळ घेऊन आमच्या सौ. बसल्या आहेत. त्यामुळे वेळ पाळली जाईल. माझं आणि घड्याळाचं काय झालं होतं, तेच खरं तर आज सांगायचं आहे.

जुलै २०२२ मध्ये आपल्या मंडळातले आम्ही अकरा जण पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलो, हे तुम्हाला माहीत आहे. फोटो सगळ्यांनी पाहिले. भगवा झेंडा, चिखलाने माखलेले चेहरे, मागे धबधबा. पण त्या फोटोवरची तारीख १३ जुलै आहे आणि आमचं बहारीनचं विमान १३ तारखेच्या पहाटेचं होतं, हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर तुम्ही सभ्यपणे विचारलं नाहीत. आज मीच सांगतो.

सुरुवात सिनेमाने झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ आला. कोविडची दोन वर्षं घरात काढलेली, मुलं पेटून उठलेली. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. जन्म इथला, डोंगर म्हणजे काय तर आपला जबल अद् दुखान, १३४ मीटर! नावाचा अर्थ धुराचा डोंगर, पण आपल्याकडच्या माणसाला तो टेकाड म्हणायलाही जड जातं. मुलगा म्हणाला, “बाबा, आपण जाऊ या ना.” आणि मी, आयुष्यभर प्रोजेक्ट प्लॅनिंगमध्ये काम केलेला माणूस, एक्सेल उघडून बसलो.

मंडळी, ते टाइमटेबल सुंदर होतं. बकरी ईदची सुट्टी ८ जुलैपासून. गुरुवारी रात्री इथून उड्डाण, शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, शनिवारी कोल्हापूर आणि पन्हाळ्यावर मुक्काम. १० तारखेला, म्हणजे आषाढी एकादशीला, गड सोडायचा. पहिला मुक्काम खोतवाडी, दुसरा आंबेवाडी, १२ तारखेला दुपारी दोन वाजता पावनखिंड. साडेतीनला गाडी, संध्याकाळी कोल्हापूर, आणि तिथून रात्रीच्या गाडीने नव्हे तर भाड्याच्या गाडीने थेट मुंबई विमानतळ. प्रत्येक वाडीपुढे पोचायची वेळ, थांबायची मिनिटं. अकरा प्रती काढल्या आणि पावसात भिजू नयेत म्हणून लॅमिनेट केल्या. वाटताना मला जो अभिमान वाटला होता तो आठवला की अजून कानशिलं गरम होतात.

सराव आम्ही इथेच केला. तुबली खाडीच्या कडेने रात्री चालणं, आणि सनदमधल्या आमच्या बिल्डिंगचे जिने पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढणं. वॉचमनला वाटलं लिफ्ट बिघडली. जूनमध्ये रात्री दहालाही अंगाची काहिली होते इथे, त्यामुळे दम वाढला असेल, पण ओल्या चिखलात पाय कसा टाकायचा हे जिन्यावर शिकता येत नाही.

आमच्यात एक काका होते. तुम्ही सगळे त्यांना ओळखता, आज ते पहिल्या रांगेत आहेत म्हणून नाव घेत नाही. वय सदुसष्ट. १९८१ साली बहारीनला आले, म्हणजे कॉजवे व्हायच्या पाच वर्षं आधी. मूळचे संगमेश्वरकडचे. ते येणार म्हटल्यावर मी जरा नाराज होतो, हे आज कबूल करतो. सौ.ला म्हणालोही, “त्यांना झेपेल का?” ती नर्स आहे. म्हणाली, “बीपी, साखर मी बघितलीय. त्यांना झेपेल. तुझ्या टाइमटेबलला झेपेल का, ते बघ.”

पहिल्या दिवसाबद्दल फार बोलत नाही. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घातला, राजदिंडीतून खाली उतरलो, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठारावर चढलो. पठार म्हणजे मैलोन् मैल जांभ्या दगडाचा सपाट पाट, झाड नाही, आडोसा नाही, आणि धुकं असं की दहा फुटांवरचा माणूस विरघळून जावा. संध्याकाळी खोतवाडीत साबुदाण्याची खिचडी खाल्ली. टाइमटेबलापेक्षा फक्त चाळीस मिनिटं उशीर. मी खूश.

दुसऱ्या दिवशी बुटांनी दगा दिला. आता हे ऐका, कारण इथल्या प्रत्येकाच्या कपाटात असा एक जोड आहे. कधीतरी हौसेने घेतलेले महागडे ट्रेकिंगचे बूट, पाच-सात वर्षं खोक्यात ठेवलेले. बाहेरून नवेकोरे. पण त्यांच्या तळव्यातला फोमसारखा जो थर असतो, तो न वापरताही हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातो. इथल्या उष्ण, दमट हवेत तर विचारूच नका. ११ तारखेला दुपारपर्यंत आमच्यातल्या तिघांचे तळवे बिस्किटासारखे चुरा होऊन गळून पडले. सुतळीने बांधले, तरी दर अर्ध्या तासाला थांबणं आलंच. शेतात भाताची लावण चाललेली होती. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका कमरेत वाकून रोपं लावत होत्या. त्यातली एक आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “पावणं, हितं असलं बूट चालत न्हाईत.” तिच्या पायात काहीच नव्हतं.

त्यात जळवा. त्यांच्यासाठी मीठ नेलं होतं, पण मीठ कोरडं ठेवायची सोय नेली नव्हती. खारट पाण्याची पिशवी घेऊन आम्ही चाललो होतो. शेवटी गावातल्या एकाने तंबाखू दिली, ती मोज्यांवर चोळली, काम झालं.

आंबेवाडीला पोचायची वेळ दुपारी चार होती. आम्ही पोचलो रात्री साडेसातला, विजेरीच्या उजेडात. एका घराच्या पडवीत मुक्काम. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि चुलीजवळ वाळत टाकलेले बावीस मोजे. तो वास कसा होता ते सांगत नाही, तुम्हाला अजून जेवायचं आहे.

त्या रात्री मी गोष्ट सांगितली. गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण त्या जागी बसून ऐकायची ओढ वेगळी. सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, राजापूरच्या इंग्रजांनी आणलेल्या तोफा, आषाढातली पौर्णिमेची रात्र, १२ जुलै १६६०. राजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद. सहाशे बांदल, खांद्यावर पालखी, हाच चिखल, हेच ओढे. आणि पहाट झाल्यावर, पाठलाग जवळ आल्यावर, बाजीप्रभूंनी घातलेली गळ, की राजे, तुम्ही निम्मे लोक घेऊन पुढे व्हा, मी निम्म्यांनिशी खिंड धरतो. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती अशी. ती खिंड नेमकी कुठली यावर इतिहासाच्या अभ्यासकांत वाद आहेत. पण ते लोक याच मुलखातून, याच पावसात गेले, त्याबद्दल कोणाला शंका नाही. एक गोष्ट मात्र सिनेमात पटकन निसटते, आणि मला ती फार आवडते. दरबारातला पहिला मान जेध्यांचा होता, तो या लढाईनंतर बांदलांना मिळाला, आणि जेध्यांनी तो आनंदाने सोडला असं सांगतात. माणसं मोठी होती हो.

आणि हे सगळं सांगितल्यावर मी खिशातून टाइमटेबल काढलं. म्हटलं, आपण साडेतीन तास मागे आहोत. उद्या पहाटे पाचला निघायचं. विमान चुकवून चालणार नाही.

१२ तारखेला पाऊस मी म्हणत होता. पाचला कोणीच तयार नव्हतं, निघायला पावणेसात झाले. आंबेवाडीहूनच एक वाटाड्या घेतला होता, विशीतला पोरगा, अनवाणी पायाने उताराला असा पळायचा की बघत राहावं. रिंगेवाडी मागे पडली, पुढे जंगल लागलं. उंच झाडी, खाली कुजलेल्या पाल्याचा थर, दर पाव तासाला एक ओढा. काका सावकाश चालत होते. थकले होते असं नाही, पण प्रत्येक पाऊल जागा बघून टाकत. बरोबर बूट फुटलेला आमचा बँकेतला मित्र, माझी मेव्हणी आणि सौ. हे चौघे सारखे मागे पडायचे, आम्ही थांबायचो, थांबलं की अंग गार पडायचं, मग कोणीतरी कुरकुरायचं. साडेअकरा वाजले. टाइमटेबलाप्रमाणे तेव्हा आम्ही म्हसवड्यात जेवत असायला हवं होतं.

तिथे मी तो निर्णय घेतला. म्हणालो, “आपण दोन गट करू. सात जण भराभर पुढे जाऊन पांढरपाण्याला गाडी आणि जेवणाची तयारी करतो. तुम्ही सावकाश या. वाट मळलेली आहे, चुन्याच्या खुणा आहेत.” वर विनोदही केला. म्हटलं, “बाजीप्रभूंनीसुद्धा इथंच तुकडी विभागली होती!”

काका काठीवर रेलून म्हणाले, “अरे, पण पुढे राजे गेले होते. तू कोण?”

सगळे हसले. मीही हसलो. आणि निघालो.

म्हसवड्याला आम्ही पाऊण वाजता पोचलो. शाळेच्या पडवीत बसलो, चिवडा खाल्ला. अर्धा तास झाला, एक तास झाला. फोनला रेंज नाही. मी हिशोब करत होतो. त्यांचा वेग आमच्या निम्मा धरला तर दोनपर्यंत यायला हवेत. दोन वाजले. सव्वादोन. पाऊस इतका की समोरचं मैदान दिसेना.

तेव्हा माझ्या मुलाने विचारलं, “बाबा, वाटाड्या आपल्याबरोबर का आहे?”

मंडळी, मी अठ्ठावीस वर्षं नोकरी करतो आहे. साहेबांनी, क्लायंटनी, ऑडिटवाल्यांनी हजार प्रश्न विचारले असतील. असा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्यांना वाट माहीत नाही आणि ज्यांचे पाय दमलेले आहेत त्यांना मागे सोडून, वाट माहीत असलेला एकमेव माणूस मी पुढे घेऊन आलो होतो. का? कारण वेगाने जायचं तर वाट चुकून चालणार नव्हती. हे मी ठरवलंसुद्धा नव्हतं. तो पुढे चालत होता, आम्ही त्याच्या मागे गेलो, एवढंच. आणि चुन्याच्या खुणा? तो पोरगा म्हणाला, “सायेब, चुना कवाच धुऊन गेला. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय.”

बाकीच्या पाच जणांना शाळेतून हलू नका म्हणून बजावलं, आणि मी, मुलगा आणि वाटाड्या उलट निघालो.

सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेले ओढे आता गुडघ्यापर्यंत आले होते. हाका मारत जात होतो, पण पाण्याच्या आवाजापुढे हाक दहा पावलांवर मरायची. आम्ही जिथे त्यांना सोडलं होतं त्याच्या अलीकडे एक फाटा होता. सकाळी मला तो दिसलाही नव्हता. वाटाड्या वाकला, चिखल बघितला आणि म्हणाला, “हितनं गेल्यात. काठीचं टोक उमटलंय.” काकांची काठी! मी आयुष्यात कुठल्याही गोष्टीकडे इतक्या आशेने बघितलं नसेल.

त्या फाट्याने अर्धा तास उतरलो आणि समोर मोठा ओढा आला. लाल, फेसाळ पाणी, मधून झाडाची फांदी वाहत गेली. पलीकडे उतारावर दोन-तीन घरं, धनगरवाडा. एका छपरातून धूर निघत होता. कुत्रं भुंकायला लागलं, आणि दारात निळी पोंचो दिसली. सौ.

मी ओरडलो. तिने ऐकलं नाही. दोन्ही हात वर करून दाखवले, मग चार बोटं. चौघे आहेत. मग तिने हाताने खूण केली, तळहात पुढे करून. थांब. येऊ नकोस.

मी पाण्यात पाय घातला. मुलाने मागून सॅक धरली. मी झटकली. मग त्या वाटाड्या पोराने, माझ्या निम्म्या वयाच्या, माझा दंड धरून मला सरळ काठावर ओढलं. म्हणाला, “ती बाई तिकडनं सांगतीया नगं म्हणून. तिला कळतंय, तुमास्नी कळंना व्हय?” सह्याद्रीतले ओढे झपाट्याने चढतात आणि पाऊस थांबला की झपाट्याने उतरतातही. पण पाऊस थांबायला हवा ना. आम्ही दीड तास तिथे उभे राहिलो. पाणी एक इंचही कमी झालं नाही. उजेड गेला. पलीकडे दारात कंदील की बॅटरी काहीतरी दोनदा हलली. मग वाटाड्या म्हणाला, चला, आता हितं थांबलो तर आपन बी अडकू.

ती रात्र म्हसवड्याच्या शाळेत काढली. शेजारच्या घरातून घोंगड्या आणि भात आला. विमान पहाटेचं होतं, ते आमच्याशिवाय गेलं असणार. मला त्याची आठवण थेट दुसऱ्या दिवशी झाली, यावरून काय ते समजा. चौघे आहेत हे कळलं होतं, पण चौघे कसे आहेत ते कळलं नव्हतं. दारात फक्त तीच का आली? काका का नाही आले? मुलगा माझ्या शेजारी पडला होता, जागा होता, एक शब्द बोलत नव्हता. मला वाटलं, रागवावं याने, काहीतरी बोलावं. पहाटे कधीतरी म्हणाला, “आई आहे ना तिकडे.” तेवढंच.

आता तिकडे काय झालं ते सांगतो. हे अर्थात मला नंतर कळलं.

आम्ही गेल्यावर तासाभरातच त्यांची वाट चुकली. बँकवाल्या मित्राचं म्हणणं, मागे फिरू. काका म्हणाले, फिरायचं नाही, इथं ताजं शेण पडलंय. गुरांची वाट आहे, गुरांची वाट संध्याकाळी घराकडेच जाते. संगमेश्वरकडच्या पोरपणातलं शहाणपण, चाळीस वर्षं वाळवंटात राहूनही शाबूत. ओढा तेव्हा ओलांडण्याजोगा होता. पण पाण्यात काकांचा पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत भिजले. अंगात सुती कपडे. मी सामानाच्या यादीत ‘आरामदायक कपडे’ असं लिहिलं होतं, त्यांनी आरामदायक म्हणून सुती विजार आणली. ओलं सुती कापड अंगातली ऊब शोषून घेत राहतं, वाळत नाही. त्यात वारा. काका कुडकुडायला लागले.

सौ. म्हणते, कुडकुडत होते तोवर मला भीती नव्हती. थोड्या वेळाने कुडकुडणं थांबलं. मित्राला वाटलं, बरं वाटतंय त्यांना. पण काकांची जीभ जड झाली होती, आणि सॅकचा बंद त्यांना सोडवता येईना, बोटं ऐकेनात. थंडी लागलेल्या माणसाची थरथर ऊब न मिळताच थांबली, तर ते चांगलं लक्षण नव्हे, शरीराने हात टेकले असा त्याचा अर्थ. हे वाळवंटात राहणाऱ्या आपल्या लोकांना कोण सांगणार? आपल्याला उष्माघात पाठ. बाहेर तापमान वीसच्या वर असतानाही माणूस असा गार पडू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

धनगरवाड्यातल्या बाईने प्रश्न विचारले नाहीत. “म्हातारबाबांस्नी आत घ्या,” एवढंच म्हणाली. ओले कपडे काढले, कोरडं धोतर तिच्या नवऱ्याचं, वर दोन घोंगड्या. सौ.ने हातपाय चोळू दिले नाहीत, एकदम चुलीपुढेही बसवलं नाही. हळूहळू ऊब दिली आणि ते नीट गिळायला लागल्यावर गुळाचा गरम चहा घोट-घोट पाजला. तासाभराने काका पुन्हा कुडकुडायला लागले. सौ. म्हणते, तेव्हा मी रडले, आनंदाने. ती बाई घाबरली, तिला वाटलं म्हातारा गेला.

दुपारी चारच्या सुमाराला मित्र आणि मेव्हणी म्हणाले, आता निघू या, नाहीतर विमान जाईल. सौ. म्हणाली, “तुम्ही पण कुठे जाणार नाही. चौघे आलोत, चौघे इथंच राहणार.” मी तिला नंतर विचारलं, तू इतक्या ठामपणे कसं ठरवलंस? म्हणाली, “आयसीयूमध्ये पेशंट सोडून कोणी विमान पकडायला जातं का?”

१३ जुलैला पहाटे पाऊस थांबला. सहा वाजता आम्ही ओढ्यावर पोचलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. काल ज्याने माझी झोप उडवली तो हाच ओढा, हे खरं वाटेना. पलीकडे गेलो. काका ओट्यावर घोंगडं पांघरून बसले होते, हातात चहाची वाटी. मला बघून म्हणाले, “ये. तुझं टाइमटेबल काय म्हणतंय?”

मला काही बोलता आलं नाही. मी आत वाकून बघितलं तर चुलीशेजारी दुधाचं पातेलं होतं आणि त्याच्यावर झाकण म्हणून सौ.ची लॅमिनेट केलेली प्रत ठेवली होती. अगदी मापाची बसली होती. ती मी मागितली नाही. त्या बाईला पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. वाटाड्याने तिच्या भाषेत काहीतरी समजावलं, तेव्हा म्हणाली, पोरांस्नी वह्या पाठवा. त्या आपण पाठवल्या, दरवर्षी पाठवतो. मंडळाच्या हिशोबात ‘शैक्षणिक मदत’ म्हणून जी एक ओळ असते, ती हीच.

मग निघालो. या वेळी काका सगळ्यांच्या पुढे, त्यांच्या मागे वाटाडा, आणि शेवटी मी. काका थांबले की सगळे थांबायचे. म्हसवड्याहून बाकीचे पाच घेतले आणि अकरा जण रांगेत पांढरपाण्याकडे निघालो. पुढे बघायला काही नसलं की माणूस आजूबाजूला बघतो. तीन दिवसांत पहिल्यांदा मला त्या जंगलातले पक्षी ऐकू आले, झाडांच्या बुंध्यांवरचं शेवाळं दिसलं. पांढरपाण्याला रेंज आली आणि अकरा फोन एकदम वाजायला लागले. कोणाचा साहेब, कोणाची बायको, कोणाचं ट्रॅव्हल एजंट. एकाचा त्या महिन्याचा पगार कापला गेला. नव्या तिकिटांचा खर्च मी उचलतो म्हणालो, तर कोणी उचलू दिला नाही. निम्मा तरी घ्या म्हणालो, तर काका म्हणाले, “निम्म्याची भाषा तू आता करू नकोस.”

पांढरपाण्याहून पुढे गाडीने गेलो, कारण काकांना अजून चालवायचं नव्हतं आणि त्यांच्याशिवाय चालायचं नव्हतं. आणि खिंडीपाशी उतरलो तर ही गर्दी! १३ जुलै. वर्षभर डोक्यात तारखाच घेऊन फिरणाऱ्या माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की लढाई झाली तो दिवस हाच. आमच्या मूळ वेळापत्रकाप्रमाणे आम्ही त्या दिवशी ऑफिसात असतो. कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठकुठून पोरं रात्रभर चालून आली होती. झेंडे, ढोल, घोषणा, पायांत चिखल आणि डोळे तांबारलेले. कोणीतरी आम्हाला विचारलं, “कुठनं आलासा?” माझा मुलगा म्हणाला, “सनद.” त्या पोराला वाटलं कोल्हापूरजवळचंच गाव असेल. म्हणाला, “व्हय व्हय, लांब हाय.”

खिंडीत उतरायला लोखंडी शिडी आहे. पावसाने ओली, खाली पाण्याचा घोष. काका वर स्मारकापाशीच बसले. म्हणाले, मी इथूनच नमस्कार करतो, तुम्ही जा. एकेक जण उतरायला लागला. सौ. उतरली, मेव्हणी उतरली, तळवा नसलेल्या बुटांचा मित्रही उतरला. मुलगा शिडीवरून वर बघून ओरडला, “बाबा, येतोयस ना?”

जवळजवळ पाच महिने मी त्या जागेची तयारी केली होती. मी म्हटलं, “तू हो पुढे.” आणि काकांच्या शेजारी बसलो. काकांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, घोंगड्याचं टोक माझ्या गुडघ्यावर टाकलं. खालून घोषणा ऐकू येत होत्या. पुन्हा भुरभुर सुरू झाली. मी खिंड आजपर्यंत आतून पाहिलेली नाही. तुम्ही पाहिलेला फोटो मुलाने काढलेला आहे. त्यात दहा जण नव्हे, आठ जण आहेत. मोजून बघा.

सौ. घड्याळ दाखवते आहे, म्हणून थांबतो. एक शेवटची सूचना. पुढच्या जुलैत पुन्हा जायचं ठरतं आहे. काका येणार आहेत, त्यांनी या वेळी लोकरी बंडी घेतली आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जुने बूट घरी ठेवावेत, आणि नावं सौ.कडे द्यावीत. माझ्याकडे देऊ नयेत.